नोकरीचा शोध आणि चिकाटी : सोनपेठच्या निमित्ताने

परभणी जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून सोनपेठ तालुका वसलेला आहे. उत्तरेच्या अंगाने गोदावरी वाहते, दक्षिणेस परळीचा परिसर लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जावयाचे म्हणजे पाथरीवरून किंवा गंगाखेडवरून एस. टी.चा वळसा घ्यावा लागतो. जमीन काळी आहे. कापूस आणि सोयाबीन ही येथील मुख्य पिके, नदीकाठी ऊस. परंतु पदवी घेतलेल्या तरुणाला सामावून घेईल असा व्यवसाय तालुक्यात थोडा. दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यातील कित्येक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्याच घरातला एखादा शिकलेला मुलगा मात्र गावी मागे राहतो. तलाठ्याची, पोलिसाची, शिक्षकाची भरती केव्हा निघते याकडे त्याचे डोळे लागलेले असतात. कोयत्यावर गेलेल्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मागे राहिलेल्या या मुलाविषयी, आणि त्याच्याच वयाच्या मुलीविषयी, येथे लिहावयाचे आहे.

अशा तरुणांना आपण सर्वजण एकच उपदेश करीत असतो : चिकाटी सोडू नका. शाळेच्या स्नेहसंमेलनात, ग्रामसभेत, गुणगौरव समारंभात हेच वाक्य निरनिराळ्या शब्दांत ऐकू येते. ज्याची निवड झाली त्याला हार घालून व्यासपीठावर बसविले जाते. ज्याची निवड दोन-तीन गुणांनी हुकली तो समोर सतरंजीवर बसलेला असतो, आणि घरी जाताना त्याला कोणीतरी विचारतेच, ‘मग आता पुढे काय?’ दोघांच्या अभ्यासात आणि चिकाटीत फारसा फरक नसतो. पण एकाची चिकाटी गुण ठरते आणि दुसऱ्याची हटवादीपणा. चिकाटी हा स्वभावाचा गुण आहे हे खरेच. तथापि ती टिकते की मोडते हे पुष्कळ अंशी भोवतालच्या व्यवस्थेवर अवलंबून असते, आणि त्या व्यवस्थेचा काही भाग शिक्षकांच्या, ग्रामपंचायत सदस्यांच्या आणि शासकीय अधिकाऱ्यांच्या हाती असतो. उपदेश देऊन झाल्यावर आपल्या हातातील त्या भागाचे काय, हा विचार सहसा होत नाही.

येथे रोजगार हमी योजनेची आठवण काढणे उपयुक्त ठरेल. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे, तिचा प्रथम प्रयोग झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ च्या भीषण दुष्काळात, ही योजना महाराष्ट्रभर पोहोचली. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या स्त्रिया आणि पाझर तलावांवर राबणारी माणसे यांच्या आठवणी मराठवाड्यातील वृद्धांच्या मनात अजून ताज्या आहेत. पुढे १९७७ मध्ये अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. योजनेच्या खर्चासाठी १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. ज्याला काम आहे त्याने ज्याला काम नाही त्याच्यासाठी थोडे द्यावे, असा त्यामागील विचार होता. आपल्या पगारपत्रकावरील त्या कपातीकडे या दृष्टीने पाहणारे फारसे कोणी भेटत नाही, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

या योजनेतील एक तरतूद आपल्या विषयाशी जवळून संबंधित आहे. काम मागणाऱ्यास १५ दिवसांच्या आत काम मिळावे, न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, असा हा नियम. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यातही तो आला. प्रत्यक्ष अंमलबजावणीत उणिवा राहिल्या हे खरे. परंतु तत्त्व फार महत्त्वाचे होते. काम मागणाऱ्या निरक्षर मजुराला राज्याने सांगितले की, तुझ्या मागणीला दिनांकासह पोच मिळेल आणि अमुक दिवसाच्या आत उत्तर मिळेल. हातात पदवी असलेल्या त्याच मजुराच्या मुलाला असे कोणतेही आश्वासन नाही. तो अर्ज करतो, शुल्क भरतो, आणि त्यानंतर कोणत्या दिवसापर्यंत वाट पाहावयाची हे त्याला कोणी सांगत नाही.

हे विधान कोणास कठोर वाटेल, म्हणून एक अलीकडचे उदाहरण घेऊ. मार्च २०१९ मध्ये राज्यातील जिल्हा परिषदांच्या विविध पदांसाठी जाहिराती निघाल्या. लाखो उमेदवारांनी शुल्क भरून अर्ज केले. नंतर परीक्षा घेणाऱ्या व्यवस्थेबाबतचे वाद, कोरोनाची साथ आणि आरक्षणविषयक फेरबदल यांत ती भरती अडकली. २०२२ मध्ये ती रद्द झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांसाठी नव्याने जाहिरात देण्यात आली. पहिल्या जाहिरातीच्या वेळी जो चोवीस वर्षांचा होता, तो दुसरीच्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा झाला होता. मधल्या काळात त्याला नकार मिळाला नव्हता. होकारही मिळाला नव्हता. नकार मिळाला की माणूस एक-दोन दिवस दुःख करतो आणि दुसरी वाट धरतो. उत्तरच नसले की त्याला दुसरी वाट धरणेही जमत नाही. चिकाटी मोडण्याचे मोठे कारण येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लेखकाच्या स्वतःच्या तरुणपणी सेवायोजन कार्यालयाचे कार्ड हा सुशिक्षित बेकाराचा मोठा आधार असे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि पुढे सर्वांना खुली झाली. १९५९ च्या कायद्याने रिक्त पदे तिला कळविणे बंधनकारक झाले. लेखकाने त्या कार्डाचे दोन वेळा नूतनीकरण केले. एकदा मुलाखतीचे पत्र आले ते मुलाखत होऊन गेल्यानंतरच्या सोमवारी. पोस्टमनने ते हातात दिले तेव्हा आई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिने काही विचारले नाही. आज कार्डाची जागा संकेतस्थळाने घेतली आहे आणि पत्राची जागा मोबाईलवरील संदेशाने. संदेश वेळेवर येतो हा मोठाच लाभ होय. वाट पाहण्याची जात मात्र बदललेली नाही.

आता आकड्यांकडे वळू. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदे होती आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका पदामागे दोनशेहून अधिक उमेदवार. परीक्षेचे शुल्क खुल्या प्रवर्गासाठी १,००० रुपये, तर राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये होते. त्या वर्षी राज्यात रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर दिवसाला २७३ रुपये होता. यावरून हिशेब केला तर एका अर्जासाठी आईने किंवा वडिलांनी साडेतीन-चार दिवस काम करावयाचे. परीक्षाकेंद्र दूरच्या जिल्ह्यात आले तर प्रवासाचे आणि मुक्कामाचे आणखी दोन-तीन दिवस. वर्षभरात असे पाच-सहा अर्ज केले म्हणजे महिन्याभराची मजुरी होते.

हा हिशेब उमेदवारांना निरुत्साह करण्यासाठी मांडलेला नाही. शिक्षकांनी तो वर्गात फळ्यावर मांडावा असे सुचवावयाचे आहे; कारण त्यातून दोन गोष्टी उमगतात. एक अशी की, दोनशेंतून एक निवडला जात असताना उरलेले १९९ नालायक असतात असे समजणे गणिताच्या दृष्टीने चुकीचे आहे. यादीत नाव नसणे हा योग्यतेवरील निकाल नव्हे. दुसरी गोष्ट अधिक अवघड. एवढ्या विषम प्रमाणात केवळ चिकाटी पुरत नाही. दहा वर्षे प्रयत्न करणाऱ्या सर्वांना नोकऱ्या मिळतील असे पदांची संख्या सांगत नाही. हे सत्य लपवून चिकाटीचा उपदेश करणे म्हणजे त्या मुलाची फसवणूक होय. आणि ही अडचण आजची नाही. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनातही स्थानिक तरुणांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होताच.

दीर्घकाळ वाट पाहण्याचा माणसाच्या मनावर आणि दिनक्रमावर काय परिणाम होतो, याचा एक जुना पण अतिशय बोलका अभ्यास उपलब्ध आहे. ऑस्ट्रिया देशात व्हिएन्ना शहरापासून जवळच मारिएन्थाल नावाचे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव होते. सर्व गाव एका कापडगिरणीवर जगत असे. १९२९-३० च्या जागतिक मंदीत ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव एकाच वेळी बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तेथील ४७८ कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला व १९३३ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

त्यांचे निष्कर्ष सर्वसाधारण समजुतीच्या उलट होते. रिकामा वेळ मिळाला की माणसे अधिक वाचतील, असे कोणासही वाटेल. परंतु मारिएन्थालच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. वर्गणी माफ करूनही ते वाढले नाही. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, मध्येच थांबू लागले. खिशात घड्याळ बाळगणारे थोडे उरले. दिवसभर काही काम नसूनही नवरा दुपारच्या जेवणाला वेळेवर येत नाही, अशी बायकांची तक्रार असे. दिवसभरात काय केले हे विचारले असता पुरुषांना दोन-तीन गोष्टींपलीकडे सांगता येत नसे. बायकांचे तसे झाले नाही, कारण घरकाम संपत नव्हते आणि त्यांचा दिवस त्यामुळे शाबूत राहिला. हताश होऊन आक्रोश करणारी कुटुंबे थोडी होती. सर्वांत मोठा गट होता तो निमूटपणे जे आहे ते स्वीकारून कोणतीही योजना न आखणाऱ्यांचा. भत्त्याची रक्कम जसजशी घटत जाई, तसतशी कुटुंबे खालच्या पायरीवर घसरत, असेही त्यांना आढळले.

हे वाचताना आपल्याकडील अनेक चित्रे डोळ्यांसमोर येतात. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर प्रश्नसंच पाहणारा आणि सकाळी नऊला उठणारा पदवीधर. तो उठण्यापूर्वी शेतात गेलेले वडील. बसस्थानकावरील टपरीजवळ दुपारचे दोन तास. भरतीच्या अफवांची देवाणघेवाण. गाव त्याला आळशी म्हणते. परंतु पुष्कळ वेळा हा आळस कारण नसून परिणाम असतो. ज्याच्या दिवसाला मोजणारे काही उरले नाही, त्याचा दिवस सैल पडतो, आणि सैल दिवसात अभ्यासही होत नाही. मग अपयशाची शक्यता वाढते, आणि अपयशामुळे दिवस आणखी सैल होतो. तेव्हा चिकाटी टिकवावयाची तर आधी दिवसाला आकार दिला पाहिजे.

त्यासाठी पहिले साधन अगदी साधे आहे : दोनशे पानी वही. तीत प्रत्येक जाहिरातीचा दिनांक, पदांची संख्या, शुल्क, अर्जाची अंतिम तारीख, परीक्षेचा दिवस, मिळालेले गुण, निवड झालेल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण आणि दोन्हींतील अंतर लिहावे. तीन-चार परीक्षांनंतर या अंतराचा कल दिसू लागतो. अंतर कमी होत असेल तर पुन्हा प्रयत्न करण्यास आधार आहे. ते जिथल्या तिथे असेल तर अभ्यासाची रीत बदलली पाहिजे. ते वाढतच असेल तर त्या विशिष्ट परीक्षेचा नाद सोडून दुसरीकडे वळण्याचा विचार करावा. पुन्हा पुन्हा तेच तसेच करीत राहणे याला आपण चिकाटी म्हणतो, पण वही नसेल तर ती केवळ सवय असते.

दुसरी गोष्ट मुदतीची. सरकारी नोकरीसाठी कमाल वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गास ३८ आणि राखीव प्रवर्गास ४३ वर्षे आहे. उशिरा शिक्षण घेणाऱ्यांना संधी मिळावी हा तिचा हेतू स्तुत्य आहे. तथापि ग्रामीण भागात या आकड्याचा एक विपरीत अर्थ लावला जातो : अजून वय आहे, म्हणजे अजून थांबावयास हरकत नाही. वयोमर्यादा ही अर्ज करण्याची मर्यादा आहे. घरी बसून वाट पाहण्याची नव्हे. किती वर्षे पूर्ण वेळ तयारी करावयाची हे प्रत्येकाने आरंभीच, आईवडिलांसमवेत बसून ठरवावे आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. ती मुदत संपल्यावर अर्ज करू नयेत असे मुळीच नाही. मात्र त्यानंतरचे प्रयत्न मिळकतीचे काम करीत करावयाचे.

खरे तर मिळकतीचे काम मुदत संपण्याची वाट न पाहता, पहिल्या वर्षापासून दिवसाचे चार तास तरी असावे. त्याने अभ्यासाचा वेळ जातो, असा आक्षेप घेतला जातो. मारिएन्थालचा अनुभव याच्या उलट आहे. ठरलेल्या वेळी कोठेतरी जावयाचे आहे, या बंधनानेच उरलेले तास मोलाचे होतात. सोनपेठसारख्या ठिकाणी शिकवणी, सेवा केंद्रावरील काम, कृषी सेवा केंद्रातील हिशेब, दूध संकलन, दुचाकी दुरुस्ती अशी कामे उभी राहू शकतात. आय.टी.आय. झालेल्यांना १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा येथील किंवा पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यांचा मार्ग आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बारावी उत्तीर्णांस ६,०००, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकांस ८,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरविण्यात आले. अशा प्रशिक्षणातून कायम नेमणूक मिळेल, अशी आशा अनेकांनी बाळगली व नंतर त्यांची निराशा झाली. प्रशिक्षण आणि नेमणूक यांतील फरक अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत सांगणे हे कर्तव्य आहे; तो फरक मुदत संपताना सांगण्यात अर्थ नाही.

एकट्याने शोध घेण्यापेक्षा समूहाने घेतलेला शोध अधिक टिकतो, याविषयीही काही ठोस पुरावा आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, कार्बन्डेल येथे नेथन अझ्रिन या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये नोकरी शोधणाऱ्यांच्या मंडळाचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. बेकार मंडळी रोज एकत्र जमत, मिळालेली माहिती एकमेकांना देत, अर्ज तपासून घेत, जोडीजोडीने एकमेकांच्या प्रयत्नांवर लक्ष ठेवीत. दोन महिन्यांत मंडळातील ९० टक्के लोकांना काम मिळाले. मंडळाबाहेरील तशाच उमेदवारांपैकी ५५ टक्क्यांना. तेथील परिस्थिती आपल्यासारखी नव्हती. एका जागेमागे दोनशे अर्ज अशी ती स्पर्धा नव्हती. म्हणून हे टक्के आपल्याकडे जसेच्या तसे अपेक्षिणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र शोध हेच एक रोजचे काम मानून ते चारजणांच्या साक्षीने करणे, ही रीत कोठेही लागू पडते.

मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी १९८० च्या दशकात याला आणखी एक जोड दिली. त्यांच्या लहानशा शिबिरांत अर्ज कसा करावा, मुलाखत कशी द्यावी हे शिकविले जाईच. पण त्याबरोबर नकाराची तालीमही घेतली जाई. अपयश येण्यापूर्वीच ते येईल असे धरून, त्या दिवशी मन काय म्हणेल आणि दुसऱ्या दिवशी आपण काय करू, हे उमेदवार एकमेकांसमोर बोलून दाखवीत. देवीची लस टोचावी तसा हा प्रकार. अडीच वर्षांनंतर केलेल्या पाहणीतही त्या शिबिरांचा लाभ टिकून असल्याचे आढळले.

आपल्या शिक्षकांना ही तालीम सहज घेता येईल. निकाल लागण्याच्या आदल्या आठवड्यात पाच-सहा उमेदवारांना शाळेच्या खोलीत एकत्र बसवावे आणि प्रत्येकास विचारावे : यादीत नाव नसेल तर त्या संध्याकाळी कोठे असशील? घरी कोण काय म्हणेल? दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काय करशील? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. प्रथम मुले हसतात, कोणी अपशकुन म्हणून टाळतात. पण एकदा लेखकाने पाहिलेल्या अशाच बैठकीत एक मुलगा बराच वेळ गप्प राहून म्हणाला, ‘सर, मी पंधरा दिवस फोन बंद ठेवतो.’ गेल्या दोन निकालांच्या वेळी त्याने तसेच केले होते, आणि त्याच पंधरा दिवसांत एका भरतीची अंतिम तारीख निघून गेली होती.

ग्रामपंचायतीस काय करता येईल? बसण्याची जागा, दिवा, पंखा आणि एक फळा एवढ्यावर काम सुरू होते. संध्याकाळी सात ते दहा खोली उघडी राहील, याची जबाबदारी एका सदस्याने घ्यावी. फळ्यावर चालू जाहिरातींच्या अंतिम तारखा लिहाव्यात. शहरातील शिकवणी वर्गांची शुल्के ज्यांना परवडत नाहीत, त्यांना अशी खोली किती आधार देते हे पाहिल्याशिवाय कळणार नाही. दाखल्यांचा प्रश्न तर ग्रामपंचायत अधिकारी आणि तहसील कार्यालय यांच्या थेट हातातला. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता यांपैकी एक कागद वेळेवर नसल्याने गुणवत्ता यादीतील उमेदवार बाद होतात, आणि तीन वर्षांची मेहनत एका तारखेपायी वाया जाते. जाहिरात निघाल्यावर सेवा केंद्रावर गर्दी करण्याऐवजी दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत गावोगाव दाखल्यांची शिबिरे घ्यावीत. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे आणि विलंबाविरुद्ध अपील करता येते, हे उमेदवारांना ठाऊक नसते. ते सांगण्याचा संकोच कार्यालयांनी बाळगू नये.

लांबलेल्या प्रतीक्षेचा आणखी एक धोका आहे. निराश झालेल्या कुटुंबाच्या दारात ‘आतून काम करून देतो’ असे सांगणारा माणूस नेमका पोहोचतो. जमिनीचा तुकडा विकून किंवा मुकादमाकडून वाढीव उचल घेऊन पैसे दिले जातात. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या परीक्षेतील प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण सर्वांना आठवत असेल. त्यानंतर तपास झाला, परीक्षा रद्द झाल्या, आणि २०२४ मध्ये केंद्राने व राज्याने परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदे केले. प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्याचा धीर अशा प्रकरणांनी जितका खचतो, तितका स्वतःच्या अपयशाने खचत नाही. शासकीय परीक्षा स्वच्छ आणि वेळेवर होणे हाच चिकाटीला मिळणारा सर्वांत मोठा आधार आहे, हे शासनाच्या मासिकात लिहिताना स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

मुलींच्या बाबतीत मुदत त्या स्वतः ठरवीत नाहीत, ती घर ठरविते. ‘या भरतीत झाले तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर लग्न’ असे सांगितले जाते, आणि भरती दिवाळीपूर्वी होतेच असे नाही. परीक्षाकेंद्र परजिल्ह्यात आले तर सोबत कोण जाणार या प्रश्नावर अर्ज वाया जातो. गावातील शिक्षिका, अंगणवाडी सेविका, महिला सदस्य यांनी घरी जाऊन दोन वर्षांची मुदत मागून घेतली, तर पुष्कळदा ती मिळते. परीक्षेच्या दिवशी एकाच केंद्रावर जाणाऱ्या चार-पाच मुलींना एकत्र पाठविण्याची व्यवस्था केली, तर खर्चही वाटला जातो.

काही वेळा प्रश्न चिकाटीच्या पलीकडे जातो. २०२१ मध्ये पुण्याजवळ, लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही मुलाखत दीर्घकाळ न झालेल्या एका उमेदवाराने जीवन संपविले आणि साऱ्या महाराष्ट्राला हादरा बसला. झोप उडणे, जेवण सुटणे, मित्रांपासून तुटणे, आपण घरावर ओझे आहोत असे वारंवार बोलणे ही लक्षणे दिसल्यास उपदेश थांबवावा, त्या मुलाजवळ बसावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. अभ्यासाच्या खोलीतील फळ्याच्या कोपऱ्यात तो कायम लिहिलेला असावा.

शेवटी, ज्यांची मुदत संपली आणि निवड झाली नाही, त्यांच्याविषयी. सोनपेठ तालुक्यातील गावागावांत असे तिशी ओलांडलेले तरुण आहेत. कोणी किराणा दुकान चालवितो, कोणी खत-बियाण्यांच्या दुकानात हिशेब ठेवतो, कोणी हंगामात वजनकाट्यावर बसतो. गणित आणि चालू घडामोडी यांत त्यांचा हात धरणारा गावात दुसरा कोणी नसतो. कोणत्या अर्जात कोणती चूक झाली म्हणजे तो बाद होतो, कोणता कागद कोठे अडतो, हे त्यांना पाठ असते. तरीही अपयशी म्हणून त्यांना कोणी काही विचारत नाही, आणि तेही अभ्यासिकेच्या बाजूस फिरकत नाहीत. त्यांना आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या खोलीत बोलवावे, आणि येताना आपली जुनी वही घेऊन यावयास सांगावे.